राकसघळ टाळून

१९ नोव्हेंबर २०२५, बुधवार

आज सकाळी सहा वाजता मी विमानाच्या पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, पंख्याच्या पात्याला कुंकू लावलं, मनात दाढोबाचं नाव घेतलं, आणि मग आत बसून दोन तास खोटं बोललो. देवाचं नाव घेऊन खोटं बोलायला लोक कोर्टात जातात. मी साडेतीन हजार फूट वर गेलो.

खतवाल्याने दिलेली ही डायरी जानेवारीपासून कोरी पडली होती. कोणाला सांगता येत नाही ते लिहून तरी ठेवावं, म्हणून आज उघडली.

विमान रविराजभाऊंचं. दिंडोरीकडे त्यांच्या द्राक्षबागा आहेत. गेली बारा वर्षं मी त्यांचे फवारणीचे ब्लोअर आणि पंप दुरुस्त करतो. दोन वर्षांपूर्वी त्यांनी चार एकर बाग उपटली, धावपट्टी केली आणि दोन सीटचं विमान आणलं. उडवायचं लायसन त्यांच्याकडे आहे. इंजिनाला हात लावायचा अधिकार पुण्याहून येणाऱ्या इंजिनिअरला. मी पेट्रोल गाळतो, पंख पुसतो आणि धावपट्टीवरची कुत्री हाकलतो. विमान आलं, पण जायचं कुठे ते ठरेना. परवानगी असेल तिथे जाण्यासारखं काही नव्हतं, आणि सासुरवाडी दोन किलोमीटरवर.

अशा वेळी निकिता मॅडम आल्या. पुण्याच्या, वय पस्तीसच्या आसपास. जुन्या नद्यांच्या गाळात दगड होऊन पडलेली जनावरांची हाडं शोधणं हा त्यांचा धंदा. आमच्या नांदगावच्या बाजूला घळींचा मोठा मुलूख आहे, गाडी जात नाही, पायी हिंडायला महिना लागेल. वरून पाहिलं तर कुठे शोधायचं ते कळेल, असं त्यांनी सांगितल्यावर भाऊंना धन्य वाटलं. तेव्हापासून जो भेटेल तो त्यांना विचारतो, 'हे ड्रोननं होत नाही का?' धावपट्टीवर दारू, सिगारेट आणि हा प्रश्न यांना बंदी आहे.

मॅडम दोनदा वर जाऊन आल्या आणि म्हणाल्या की सगळ्या घळी सारख्या दिसतात, तिकडचा माणूस हवा. भाऊंनी माझ्याकडे बोट केलं. हा पांगरीवस्तीचा, तिथेच शेळ्या वळायचा.

शेळ्या वळल्या हे खरं. आमच्या शेताच्या कडेला राकसघळ आहे आणि तिच्यात राक्षसाची हाडं आहेत हेही खरं. त्या हाडांवर बसून मी भाकरी खाल्ली आहे. पण त्याच घळीतून बहात्तरच्या दुष्काळात माझ्या वडिलांनी खडी फोडता फोडता एक दगड घरी आणला. वडिलांचं नाव धोंडीराम, नावाला जागले. दोन नारळ जोडून ठेवल्याएवढा दगड, वर ओळीने कंगोरे. त्याला शेंदूर लावला, त्याचा दाढोबा झाला. दाढ दुखणारे लोक येतात, मीठ आणि लवंग त्याला टेकवून दाढेत धरतात. वडिलांच्या मागे माझी थोरली बहीण कुसाबाई, म्हणजे आक्का, त्याची सेवा करते. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली तेव्हा तिला कोणी विचारत नव्हतं. आज अख्खं शिवार तिला वाट देतं ते दाढोबामुळे.

मॅडमना राकसघळ सापडली की त्या वस्तीवर येणार, दाढोबाला पाहणार, आणि दाढोबा पुण्याला काचेच्या कपाटात जाऊन बसणार. आक्का मग शेंदूर कोणाला लावणार?

म्हणून आज राकसघळ सोडून बाकी सगळ्या घळी भाऊंना दाखवल्या, विमानाखालच्या कॅमेऱ्याने त्यांचे फोटो घेतले; सीट दोनच, म्हणून मॅडम खाली थांबल्या होत्या. खाली उतरल्यावर मॅडमनी छान आभार मानले. ते फार लागले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज मरता मरता वाचलो. चूक इंजिनाची नव्हे, मराठीची.

आमच्या वस्तीवर नाला जिकडून येतो ते वर आणि जिकडे जातो ते खाली. जमीन ताटासारखी सपाट असली तरी वरचा मळा आणि खालचा मळा असतोच. आज भाऊ नेमके राकसघळीच्या दिशेने निघाले. मी घाईने म्हणालो, "भाऊ, वर घ्या, वर." म्हणजे नाल्याच्या उगमाकडे वळा. त्यांनी विमानाचं नाक आभाळाकडे केलं. सकाळचा चहा माझ्या गळ्यापर्यंत आला.

"किती वर?" त्यांनी विचारलं.

"त्या बाभळीपर्यंत."

"वर कुठली बाभळ रे?"

मी घाबरून म्हणालो, मग खाली घ्या. त्यांनी खाली घेतलं. एका धनगराची मेंढरं चार दिशांना पांगली. धनगराने आम्हाला जे म्हटलं ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण हातवाऱ्यांवरून आमच्या आईवडिलांचा उल्लेख असावा.

उतरल्यावर भाऊंनी नियम केला. यापुढे वर आणि खाली हे शब्द विमानाच्या बाबतीतच वापरायचे, जमिनीसाठी घड्याळ. विमानाचं नाक म्हणजे बारा, उजवा पंख तीन, डावा नऊ. मी म्हणालो, आमच्याकडे बारा वाजणं म्हणजे वेगळं. ते म्हणाले, तेच वाजणार होते.

येताना एक विचार आला. देव वर असतो असं लहानपणापासून ऐकलं. साडेतीन हजार फुटांवर तरी दिसला नाही. आणखी वर असेल, पण भाऊंना तिथली परवानगी नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

उड्डाण झालं नाही. सकाळी धुकं होतं. धावपट्टीच्या शेडमध्ये चहा घेताना मॅडमनी मला एक फोटो दाखवला. हत्तीची दाढ, हजारो वर्षांपूर्वीची, दगड झालेली. कंगोरे अगदी ओळखीचे. शेंदूर तेवढा नव्हता.

असं काही पाहिलंय का, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सिमेंटचा पत्रा फुटला की असाच दिसतो. त्या फोटो परत घेत म्हणाल्या, "तुमच्याकडे दाढ दुखली की काय करतात हो, वाल्मीकभाऊ?" गोळी घेतात, मी म्हणालो. "बरं," त्या म्हणाल्या आणि हसल्या. फार शांत स्वभावाची बाई. संशय तर त्यांना शिवलेलाही नाही.

संध्याकाळी आक्काला फोन केला. कोणी परकं माणूस विचारपूस करत आलं तर दाढोबाबद्दल बोलू नकोस, एवढंच सांगितलं. ती म्हणाली की परकी माणसं तर येतच असतात. मागच्या हिवाळ्यात पुण्याची एक बाई आली होती, पायात हे भलेमोठे बूट, तासभर दाढोबाजवळ बसून राहिली, कंगोऱ्यांवरून बोट फिरवत होती, आणि जाताना आक्काच्या पाया पडली. दात म्हणे मोत्यासारखे.

पुण्याच्या लोकांना दातांची फार काळजी. दुखायच्या आधीच देवाला येऊन ठेवतात.

आक्काच्या तोंडात स्वतःचा एक दात नाही. मनमाडला जाऊन कवळी करून आणली. मी एकदा विचारलं होतं की दाढोबा असताना असं कसं. ती म्हणाली, देव दुकानदार नसतो, घरच्यांना फुकट द्यायला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

दोन तास उडालो. नऊला दाखवायचं ते तीनला दाखवलं. खोटं बोलणं आता घड्याळासकट जमायला लागलं आहे.

४ डिसेंबर, गुरुवार

दत्तजयंती. संध्याकाळी नाशकात आमच्या सिडकोतल्या देवळात बायकोबरोबर, सविताबरोबर, पाळण्याला गेलो. दत्ताने चोवीस गुरू केले, पृथ्वी, पाणी, अजगर, भुंगा, त्यात हत्तीही आहे. हत्तीकडून ते वैराग्य शिकले. मी हत्तीच्या नुसत्या दाढेपासून थापा मारायला शिकलो. गुरू तोच, विद्यार्थ्याचा फरक.

मॅडमचं काम पुढच्या आठवड्यात संपतं. परवानगी तेरा तारखेपर्यंतची आहे. म्हणजे आणखी दोन उड्डाणं तोंड सांभाळलं की सुटलो. सुटलो असं वाटायला हवं होतं. सविताने विचारलं की प्रसाद हातात धरून कुठे बघत बसलात. सांगितलं, दत्ताकडे. ती म्हणाली, दत्त इकडे आहे, तिकडे चपला आहेत.

७ डिसेंबर, रविवार

आज जे दिसलं ते जमिनीवरून मला कधीच दिसलं नसतं.

आमच्या भागात आता प्रत्येकाला शेततळं लागतं. मोठा चौकोनी खड्डा, आत प्लास्टिकचा कागद, पावसाळ्यात भरून ठेवलेलं पाणी उन्हाळ्यात कांद्याला. वरून सगळा मुलूख निळ्या ठिगळांच्या गोधडीसारखा दिसतो. आज राकसघळ टाळून वळताना डाव्या अंगाला नजर गेली आणि घळीच्या काठावर एक पांढरा चौकोन दिसला. चुन्याच्या फक्कीच्या रेघा. नवीन शेततळ्याची आखणी. चौकोनाची एक बाजू घळीच्या दरडीवरून गेली होती, जिथे हाडं बाहेर आलेली आहेत तिथून. जागा आक्काच्या वाटणीची. म्हणजे खणणार तिचा मुलगा दीपक.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. भाऊ म्हणाले, कितीला? मी म्हणालो, नऊला. त्यांनी विमान डावीकडे आडवं केलं आणि पहिल्यांदाच आम्ही राकसघळीवर आलो. दरड उन्हात लख्ख दिसत होती. घळ वरून एवढीशी. जेसीबीचं एका दुपारचं काम.

"काय आहे तिथे?" भाऊंनी विचारलं.

"भाच्याचं शेत," मी म्हणालो.

एवढं ओरडण्यासारखं पीक आहे का त्यात, त्यांनी विचारलं.

उतरेपर्यंत हिशेब मांडत होतो. मी गप्प राहून दाढोबाला वाचवतोय असं धरून चाललो होतो. पण मी गप्प राहिलो तर दाढोबा ज्याच्या तोंडातला आहे तो सगळाच जातो. देवाला ठेवून त्याचं बाकीचं अंग जेसीबीला देणारा मी कसला भक्त? आणि बोललो तर दीपकच्या तळ्यावर गदा. त्या पोराने तीन उन्हाळे टँकरची वाट पाहत काढलेत.

९ डिसेंबर, मंगळवार

सकाळच्या गाडीने नांदगावला, तिथून जीपने वस्तीवर. दीपक शेतात होता. जेसीबी येत्या सोमवारी येणार. तो म्हणाला की जागा त्याने विचार करून धरली आहे, घळीचं पाणी आपोआप आत येईल, आणि त्याच्याकडे तेवढीच जमीन आहे जिच्यात काही पिकत नाही.

मी त्याला हाडांचं सांगितलं. हत्तीची आहेत, फार जुनी, आपल्या माणसांच्याही आधीची. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मामा, हत्ती मेलाय ना?" तो म्हणाला. "मग त्याला काय घाई. माझा कांदा जिता हाय."

मी म्हणालो, दुसरीकडे खण. त्याने शिवारावरून नजर फिरवली.

"कुठं? तुमच्या बंगल्यात?"

बंगला म्हणजे माझ्या वाटणीची घळीपलीकडची वीस गुंठे जागा. सपाट, नाल्याला लागून, कडेला दोन चिंचा. कामातून मोकळा झालो की तिथे दोन खोल्या बांधायच्या, पहाटे दाढोबाला पाणी घालायचं आणि दिवसभर चिंचेखाली बसायचं, हे मी पंधरा वर्षं ठरवून ठेवलं आहे. खोल्यांचा नकाशा कपाटात आहे. दीपक गेली पंधरा वर्षं तिथे बैल बांधतो आणि त्या जागेला बंगला म्हणतो. टोमणा चांगला होता. मी हसलो.

मग आक्काकडे गेलो. ती पत्र्याच्या शेडमध्ये दाढोबाला तेल-शेंदूर चढवत होती. मी दार लावून घेतलं आणि तिच्या समोर बसलो. म्हणालो, आक्का, मनाची तयारी कर. आपला देव हा देव नाही, हत्तीची दाढ आहे.

तिने बोटाचा शेंदूर पुसला.

"दाढ हाय म्हणून तर दाढोबा म्हणत्यात," ती म्हणाली. "तुला काय वाटलं व्हतं, मुतखडा हाय?"

मी म्हणालो, अगं पण हत्तीची.

"मग? माणसाची यवढी असती का? बाप सांगूनच गेला व्हता. एवढ्या मोठ्या दाढंला दुखणं सोसवलं, त्याला आपलं कळंल, म्हनून लावला शेंदूर."

मला वडिलांनी हे कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, तू लहानपणापासून लय देवभोळा, तुला झेपलं नसतं.

मग मी तिला खरी भीती सांगितली. पुण्याची माणसं येतील, दाढोबाला घेऊन जातील. ती ताटलीतला शेंदूर बोटाने सारखा करत राहिली. मग म्हणाली की न्यायला आले तर ती आधी त्यांना जेवायला घालील आणि मग काठी काढील. पण त्यासाठी घळ पुरून टाकायची नाही. बाकीच्या देवाला मातीत घालून दाढंची पूजा करणं तिला जमायचं नाही.

"तू तुझं बघ, वाल्म्या," ती म्हणाली. "तुला कायतरी द्यावं लागंल. नुसतं खरं बोलून कोणाचं पोट भरत नाय."

परतीच्या गाडीत झोप लागली नाही. मनमाडच्या पुढे कधीतरी दीपकचा टोमणा पुन्हा आठवला. या वेळी हसू आलं नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार. सविताचा उपास सुटल्यावर विषय काढला. म्हणालो, वस्तीवरची आपली जागा दीपकला शेततळ्याला द्यावी असं मनात आहे. म्हणजे मग घर होणार नाही. सोमवारच्या आत ठरवायचंय.

मला वाटलं होतं ती रडेल. तिने मला आणखी एक पुरणपोळी वाढली. नीट विचार कर, मी म्हणालो, म्हातारपणी तिथे राहायचं होतं आपल्याला. ती म्हणाली, जाऊ द्या, देवाची इच्छा. आणि ताट उचलून आत गेली. थोड्या वेळाने तिच्या बहिणीशी फोनवर बोलताना हसण्याचा आवाज आला. मग टेप घेऊन ती सिडकोतल्या या घराच्या ओट्याचं माप घेत होती. म्हणाली, आता इथेच राहायचं तर ओटा तरी नीट करून घेऊ.

पंधरा वर्षांचं स्वप्न बाई एका घासात सोडून देते. त्याग त्यांच्या रक्तातच असतो. मी रात्री कपाट उघडून नकाशा पाहिला. दोन खोल्या, ओसरी, देवघर. स्वयंपाकघर काढायचं राहिलं होतं, हे आज लक्षात आलं.

१३ डिसेंबर, शनिवार

शेवटचं उड्डाण.

नांदगाव मागे पडल्यावर मी भाऊंना म्हणालो, दहाला चला, सरळ, आणि मी सांगेपर्यंत वळू नका. राकसघळ आली. मी म्हणालो, इथे दोन फेऱ्या मारा आणि कॅमेरा लावा. आणि मग सगळं सांगितलं. महिनाभर तुम्हाला फिरवलं, जिथे हाडं आहेत तेवढी जागा सोडून. तुमचं पेट्रोल जाळलं. मॅडमना फसवलं.

विमानात माणूस गप्प बसला की इंजिन फार मोठ्याने ऐकू येतं. मग ते म्हणाले, "म्हणजे या कामाला खरंच विमान लागलं."

मी म्हणालो, हो. वरून पाहिलं नसतं तर फक्की दिसली नसती.

"हे खाली गेल्यावर चार लोकांसमोर बोल," ते म्हणाले. "ड्रोनचा शब्द काढून बोल."

उतरल्यावर मॅडमसमोर उभा राहिलो. दाढोबासकट सगळं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. वही उघडली, एक पान काढलं. पानावर आधीच नाल्याचा नकाशा होता, काठावर शेडसारखा चौकोन होता आणि त्याच्या पुढे प्रश्नचिन्ह. शास्त्रज्ञ माणसं पानं किती आधीपासून आखून ठेवतात. प्रश्नचिन्ह खोडून त्यांनी तिथे मी सांगितलेलं नाव लिहिलं, राकसघळ.

मी विचारलं, दाढोबाला नेणार का?

"पूजेतला देव आम्ही उचलत नाही," त्या म्हणाल्या. "कुसाबाईंच्या हातचं जेवून कोण तसं करेल? फक्त कधी शेंदराचं कवच सुटलं तर मला कळवा. मागचे कंगोरे मोजायचे राहिलेत."

पुढचे कधी मोजले, हे विचारायचं माझ्या लक्षात राहिलं नाही. एवढं हलकं वाटत होतं.

घळीची पाहणी सरकारी परवानगीने रीतसर होईल, त्याला महिने लागतील, तोवर जेसीबी थांबायला हवा, असं त्या म्हणाल्या. दीपकला थांब म्हणायचा हक्क त्यांना नाही. मी म्हणालो, ते माझ्याकडे लागलं.

१५ डिसेंबर, सोमवार

काल दुपारीच वस्तीवर आलो. तलाठ्याकडे काय लिहून द्यावं लागतं ते विचारून आलो होतो, आणि बरोबर फक्कीची एक गोणी. दीपकला म्हणालो, बंगला घे. त्याला वाटलं मी टोमणा परत करतोय. जागा लिहून देतो, चिंचा सोडून, म्हटल्यावर तो बांधावर बसला. मग म्हणाला, "मामा, तुम्ही कुठं राहणार?" सिडकोत, मी म्हणालो, ओटा नवीन होतोय. तो उठला आणि बैल सोडून दुसरीकडे बांधले.

आज सकाळी जेसीबी आठला आला. घळीच्या काठावरच्या जुन्या रेघा मी पायांनी पुसल्या. चपला पांढऱ्या झाल्या. आक्का शेडच्या दारात उभी राहून बघत होती, डोक्यावर पदर, तोंडात कवळी नव्हती, म्हणजे सोवळ्यात असावी.

मग नाला ओलांडून माझ्या जागेवर आलो. दीपकने दोरी धरली. पहिली रेघ देवघर येणार होतं तिथून गेली, दुसरी ओसरीतून. चिंचांपाशी दीपक म्हणाला, अजून दोन हात इकडे घेऊ का, सावली राहील तुम्हाला बसायला. मी म्हणालो, नको, पाणी जास्त मावू दे. वाकून चौथी रेघ पुरी केली, गोणी झटकली आणि जेसीबीवाल्याला म्हणालो, घाल बकेट.

त्याने घातली.